विसात दोन नापास

कळमनुरी,
१४ मार्च २००३

प्रिय भूषण,

चार वर्षांनी लिहितोय. तू आपला कॉम्प्युटर क्लास सोडून गेल्यापासून तुझं मशीन कोपऱ्यात चादरीखाली तसंच होतं. विंडोजवाल्या मशीनला मी हात लावणार न्हाई, हे माझं जुनंच. गेल्या मंगळवारी माझ्या लिनक्सच्या मशीनचा पॉवर सप्लाय जळाला, म्हणून तुझं चालू केलं. कुरुंद्याच्या हळदीच्या सौद्यासाठी आपण केलेला प्रोग्रॅम अजून त्यात आहे. तीच चाचणी लावली: लागोपाठ दोन बोल्या नोंदवायच्या, दुसरीची वेळ पहिलीच्या नंतरची आली पाहिजे. सारख्या भावात ज्याची बोली आधी त्याचा माल, म्हणून सगळं त्या चाचणीवर होतं. सहा वेळा पास. सातव्यांदा नापास. खोलीत मी एकटा होतो.

तुझी चाचणीच्या नोंदींची वही आठवते ना? माझ्या मशीनवर विसाला वीस पास, तुझ्याकडं दर विसात एक-दोन नापास, तेही दर वेळी वेगळ्या क्रमांकाला. मी म्हणालो, प्रोग्रॅम तोच, मग निकाल कसा बदलतो? तू चाचणी न लावताच बसल्या जागी वही भरतोस. तुझ्याकडं डिप्लोमा, मी दहावीनंतर पुस्तकं आणून शिकलेला. तुझ्या हातून माझी चूक निघणं मला सोसलं नसतं. तू एवढंच म्हणालास, "हऱ्या, घड्याळाकडं बघ एकदा. माझ्याकडं काहून बघून राहिला?" सगळा क्लास हसला. मी वहीत लाल शाईनं 'खोट्या नोंदी' असा शेरा मारला आणि शेऱ्याखाली माझी सही ठोकली.

परवा घड्याळाकडं बघितलं. नुसती वेळ छापत राहणाऱ्या सात ओळी लिहिल्या. सेकंदाचे हजार भाग धरले तर तुझं मशीन पंचावन्न भागांची एकदम उडी मारतं. तोवर तीच वेळ सांगत राहतं. लिनक्सचं घड्याळ बारीक बारीक सरकतं. पहिली बोली साठवायला तुझ्या मशीनला पन्नासच्या आसपास भाग लागतात. बहुतेकदा तेवढ्यात उडी पडते, चाचणी पास. कधी पडत नाही. दोन्ही बोल्यांना एकच वेळ, नापास. मोजून वीस वेळा लावली. दोन नापास. तुझी वही बराबर होती. मला रडू आलं नाही, लाजही वाटली नाही. घरातून नीलानं जेवायला तीनदा हाक मारली म्हणे. मी आकडे बघत होतो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. नांदेडच्या त्या संस्थेत तुझी नेमणूक ठरत आली होती आणि ते अचानक नाही म्हणाले. त्यांनी तुझ्याबद्दल मला विचारलं होतं. मी त्या लाल पानाची झेरॉक्स पाठवली होती. काल त्याच पानावरचा शेरा खोडून 'नोंदी खऱ्या, चूक माझी' असं लिहिलं, तारीख घातली. त्याची झेरॉक्स रजिस्टर पोस्टानं त्यांना पाठवली. मूळ वही या पत्रासोबत तुला. पानाच्या खाली चाचणी घेणाऱ्याच्या सहीची जागा आहे. त्या दिवशी मी तुला ती करू दिली नव्हती. ती जागा अजून कोरीच आहे.

चालत असेल तर अजूनही तुझाच,
हरिचंद