परसातल्या दगडात सोनं

अण्णा, आज ९ मार्च १९६१, गुरुवार. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली आहेत. पोटदुखीचं कारण सांगून दुकानातून लवकर आलो आणि पाटावर कागद ठेवून लिहितो आहे. मधल्या खोलीत आई ट्रंक उघडून बसली आहे. सहा वाजता ती बसवनगुडीला स्वामींकडे जाऊन आपल्या दोन्ही पाटल्या देणार आहे, देवनहळ्ळीला त्यांचा मठ बांधायचा आहे म्हणून. घरात दुसरं सोनं नाही. मला तिला थांबवायचं आहे, पण आधी तुम्हाला लिहितो. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली.

मी आठ वर्षांचा होतो. सोन्याची एक बंद पडलेली खाण विकायला काढली होती आणि घेणाऱ्यांनी तुम्हाला दगडाचे नमुने काढायला बोलावलं होतं. तुम्ही मला बरोबर नेलं आहे. कंदिलाच्या उजेडात भिंतीवर पिवळे कण चमकतात, मी टाळ्या वाजवतो आणि तुम्ही माझा कान धरता. "आनंद झाला ना? मग आता दुप्पट तपासायचं." घरी आल्यावर नमुन्यांच्या नऊ पिशव्यांत तुम्ही दहावी मिसळता, आपल्या परसातल्या दगडाची. नेहमीसारखा तो दगड आई वरवंट्याने फोडून देते. त्यात सोनं असणं शक्यच नाही. पुढे तपासणी झाली तेव्हा दहाही पिशव्यांत सोनं निघालं. विकणाऱ्यांनी भिंतीवर बंदुकीतून सोन्याची पूड उडवली होती आणि तपासणीला नेताना वाटेत पिशव्यांतही घातली होती. तुम्ही हे सांगितलंत, तर घेणारे तुमच्यावरच चिडले. का चिडले, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

स्वामी गेलेल्या माणसांचे निरोप सांगतात. अण्णा, आईला ते म्हणाले, की तुमच्या छातीत आता दुखत नाही. मला म्हणाले, "वडिलांचा तुझ्यावर राग नाही." तेव्हापासून मला झोप लागते. इतका आनंद झाला होता, की गेल्या गुरुवारी त्यांच्यासमोर बसलो असताना कानाला तुमची बोटं जाणवली. मी विचारलं, "स्वामी, माझी अक्का लग्नाआधीच गेली. ती सुखात आहे का?" त्यांनी डोळे मिटले. "हिरव्या लुगड्यात आहे. वडिलांच्या पायाशी बसते. तुझी फार काळजी करते." शेजारचे म्हातारे डोळे पुसत म्हणाले, "भाग्यवान आहेस रे. आता स्वल्प सरक, मलाही विचारायचंय."

मला अक्का कधी नव्हतीच. चपला तिथेच विसरून बसपर्यंत अनवाणी आलो. आठ दिवस आईला काही बोललो नाही. हे सांगणं म्हणजे तुम्हाला तिच्यापासून दुसऱ्यांदा नेणं. आणि अक्काचा निरोप खोटा, तर माझाही खोटाच.

इथे पेन ठेवलं होतं. आता पाच वाजून पस्तीस मिनिटं.

सांगितलं. आई म्हणाली, "देवमाणसाशी खोटं बोललास?"

"हो."

"मग त्यांनीही तुला खोटंच दिलं. दोष कुणाचा?"

"आई, अण्णा परसातला दगड न्यायचे ना," एवढंच म्हणालो. तिने हातातल्या पाटल्या उलटसुलट करून पाहिल्या. मग म्हणाली, "म्हणजे त्यांच्या छातीत दुखतंय की नाही, ते आता कळायचंच नाही." पाटल्या मनगटात चढवल्या, जरा घट्ट बसल्या, आणि ती चहा टाकायला उठली.

हे पत्र ट्रंकेत तुमच्या कोटाखाली ठेवतो.

स्वामींना आजवर दक्षिणा अकरा रुपये, नारळ आणि फुलं दोन रुपये साठ नवे पैसे, एक चपलांचा जोड. देणं एकच. शेवटच्या दिवशी दवाखान्यात तुम्ही मला तीनदा बोलावलंत. मी फाटकापाशीच उभा होतो. तुमचा खोकला ऐकून भीती वाटली, म्हणून आत आलो नाही.