बाबांच्या शपथेबाबत माझं शेवटचं म्हणणं

मी, खाली सही करणारा, वैद्यांचा एकुलता एक मुलगा, डॉक्टरकी अर्ध्यावर सोडलेला, लग्न न झालेला, सज्ञान, राहणार बाबांच्या दवाखान्यामागची खोली, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचा दाब नाही. माझ्यावर दाब चालत नाही हे कॉलेजने तपासून पाहिलेलं आहे. शरीर रक्ताच्या आजाराने थकलंय, मन ठिकाणावर आहे. मन ठिकाणावर असल्याचा वैद्यकीय दाखला शेवटी जोडावा, म्हणजे पुढे कोणी शंका घेत नाही, असं वकील म्हणाले. तो दाखला मला बाबांच्याच हातचा हवा आहे, आणि बाबा तो देत नाहीत. त्यापुढे बाकीची वाटणी किरकोळ. तरी रीत म्हणून आधी ती उरकतो.

कलम १. मोटरसायकल मामाला. "नव्यासारखी आहे, भाच्या" म्हणून त्यानेच मला ती गळ्यात मारली होती. जशी दिली तशीच परत करतो. ब्रेक अजूनही लागत नाही.

कलम २. पुस्तकं कॉलेजच्या वाचनालयाला. माझा हॉस्टेलचा रूम पार्टनर, ज्याला सगळे झोपाळू म्हणतात, त्याला काहीही नाही. साक्षीदाराला वाटा घेता येत नाही म्हणे. त्याला साक्षीदार मुद्दाम केलंय. माझ्या गादीवर त्याचा पहिल्या वर्षापासून डोळा आहे.

कलम ३. बडे सरांवरचा माझा राग कोणालाही देत नाही, तो माझ्याबरोबर न्यायचा आहे. मात्र कारण लिहून ठेवतो, कारण कॉलेजच्या कागदांत नुसतं "गैरवर्तन" एवढंच आहे. तिसऱ्या वर्षाला वॉर्डात बडे सर, म्हणजे आमचे सर्जरीचे प्रमुख, एका निवृत्त मास्तरांच्या कॉटशी उभे राहिले आणि आम्हा पोरांना इंग्रजीत सांगू लागले, की पोट उघडलं, कॅन्सर सगळीकडे पसरलेला होता, तसंच शिवून टाकलं. मास्तरांनी जन्मभर इंग्रजीच शिकवलं होतं. त्यांनी चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली आणि सरांना हळूच "थँक यू" म्हणाले. मी तिथल्या तिथे ओरडलो, "सर, शपथ घेतली तेव्हा काय नुसते ओठ हलवत होता?" माफी माग म्हणाले. मागितली नाही. आजही मागत नाही.

बाहेर आल्यावर माझ्या वर्गातली एक मुलगी माझ्यावरच घसरली. बारीक, ताठ आणि बरोबर दुखेल तिथे टोचणारी, म्हणून आम्ही तिला टाचणी म्हणायचो. "ओरडलास कोणाच्या उशाशी? मास्तर तिथेच होते ना? आणि सांगणं चूक नव्हतं. असं सांगणं चूक होतं." त्या क्षणी ती मला इतकी आवडली, की मी कितीतरी दिवस तिच्याशी बोललो नाही. त्याच आठवड्यात कॉलेज सोडलं. पुढे तिला लग्नाचं विचारलं, तर म्हणाली, "आधी परत ये आणि शीक." मीही अडून बसलो, तीही. ती डॉक्टर झाली. मी बाबांच्या दवाखान्यात काढे गाळत बसलो, आणि प्रत्येक काढ्यात तिचाच चेहरा. असो. हे कलम भरकटलं.

कलम ४. माझा देह कॉलेजला द्यावा. पहिल्या दिवशी आम्हा सगळ्यांना एका अनोळखी मृतदेहाभोवती उभं करून, हात पुढे करून शपथ घ्यायला लावली होती, की या माणसाचा मान राखू. त्या खोलीत मी एकदाच गंभीर होतो. माझ्याभोवती जी पोरं उभी राहतील त्यांना एवढंच सांगावं: जे बोलाल ते मला समजतंय असं धरून बोला.

कलम ५. बँकेत जे काही असेल ते आईला. आई, तू न्हाणीघरात नळ सोडून रडतेस. भिंत पातळ आहे, मला सगळं ऐकू येतं, आणि बादली भरून वाहते तेही. यापुढे बाहेर, माझ्याजवळ बसून रड. मीही सोबत करीन. एकट्याने रडायचा मला कंटाळा आलाय.

कलम ६. हे कलम बाबांचं.

बाबांनी त्यांच्या गुरूंपुढे उभं राहून शपथ घेतलेली आहे. मी बोलायला लागलो तेव्हापासून ती मला पाठ आहे. रोग्याच्या घरातलं रोग्याच्या घरात ठेवीन. वैऱ्यालाही औषध नाकारणार नाही. आणि मरण समोर दिसलं, तरी जिथे ते ऐकून जीव खचेल तिथे ते उच्चारणार नाही. कॉलेजात आम्हाला वेगळं शिकवलं: देह रोग्याचा, आजार रोग्याचा, म्हणून माहितीही आधी रोग्याची. त्या शपथेच्या आणि या शिकवणीच्या मध्ये मी वाढलो. मरायलाही तीच जागा आली.

रिपोर्ट आले तेव्हा बाबा मोठ्या डॉक्टरांना जाऊन भेटले. "त्याला सांगू नका. मी वैद्य आहे, मी सांभाळीन." झालं. सगळं हॉस्पिटल मला "जरा रक्त कमी आहे" म्हणू लागलं. टाचणी त्याच वॉर्डात होती. मी तिला म्हटलं, "टाचणे, नुसतं रक्त कमी असलेल्या माणसाशी कोणी एवढं गोड बोलतं का?" तिने दार लावलं, खुर्ची ओढली आणि बसली. "सगळं ऐकायचंय की थोडं?" मी म्हटलं, सगळं. तिने सगळं सांगितलं, सावकाश, आपल्या भाषेत. मध्ये थांबून विचारायची, "पुढे सांगू?" एवढ्या नीट माझ्याशी आजवर कोणी बोललं नव्हतं. वाईट बातमीच होती, पण माझी होती.

मला घरी आणल्यावर ती भेटायला आली. बाबा दारात आडवे उभे राहिले.

"आजार त्याला नंतर मारणार होता. तू आधी मारलंस."

"काका, त्याने विचारलं होतं."

"रोगी विचारतोच. वैद्याने सांगायचं नसतं. या घराची पायरी पुन्हा चढू नकोस."

तेव्हापासून बाबा रोज सकाळी माझी नाडी बघतात, "आज बरी आहे" म्हणतात आणि पुढच्या वर्षी तुझं नाव पुन्हा कॉलेजात घालू म्हणतात. मी "हो" म्हणतो. बापलेक दोघेही पक्के खोटारडे झालोय. मला माहीत आहे हे त्यांना माहीत आहे, तरी खेळ चालू.

दाखल्याचं काढलं तर म्हणाले, "मृत्युपत्र कसलं करतोस? वय काय तुझं?"

"वकील म्हणाले, वय पुरेसं आहे."

"अरे, अशक्तपणाने काहीबाही सुचतं."

"म्हणजे माझं मन ठिकाणावर नाही असं लिहून देता?"

"तसं नाही म्हणालो मी."

"मग आहे असं द्या. आणि मला काय झालंय तेही त्यात लिहा."

उठून गेले. बाहेर खलबत्त्याचा आवाज सुरू झाला. कुटायचं काही नव्हतं, दवाखान्यात औषधाच्या पुड्या बांधणारे काका मला नंतर म्हणाले.

बाबा, शहरात दाखला देणारे डॉक्टर पुष्कळ आहेत. मला त्यांचा कागद नको. तुमची शपथ मोडावी असं माझं म्हणणं नाही. तिचं वाक्य पुरतं वाचा एवढंच आहे. जिथे जीव खचेल तिथे बोलू नये. टाचणीने सांगितलं तेव्हा माझा जीव खचला नाही. तुमच्या "आज बरी आहे"ने तो रोज सकाळी खचतो, कारण मग मला भीती वाटतेय हे तुम्हाला सांगता येत नाही. मला भीती वाटते, बाबा. कोणाला सांगू? शपथ तुम्ही रोग्यासाठी घेतली होती. रोगी इथे पडलेला आहे.

कलम ७. दवाखान्यातली माझी खुर्ची टाचणीच्या नावे. अट अशी, की खुर्ची तिथून हलवायची नाही, बसायला तिनेच यायचं. तिला अडवणारा माझ्या मृत्युपत्राला अडवतो असं समजावं. तिने पुढे लग्न करावं. माझं मन तेवढं मोठं नाही, पण करावं. नवरा माझ्यापेक्षा दिसायला बरा नसला तर मेहेरबानी. मी जातेवेळी ती उशाशी हवी. तिचं प्रेम आहे की नाही ते तिने कधी सांगितलं नाही. बाकी सगळं खरं सांगितलं, तेवढंच राहिलं. ते विचारायला तरी ती समोर यायला हवी.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि मला समजला. खाडाखोड रागाची आहे, ती कायम धरावी. दाखला मिळाला नाही तर ती जागा तशीच कोरी सोडावी, दुसऱ्या कोणाच्या अक्षराने भरू नये.

स्थळ : राहती खोली. वार शुक्रवार, दुपार.

सही : (मृत्युपत्र करणारा)

साक्षीदार : १. झोपाळू, रूम पार्टनर. सही करताना पूर्ण जागा होतो.
२. दवाखान्यात पुड्या बांधणारे काका.

दाखला

मी, पिढीजात वैद्य, मृत्युपत्र करणाऱ्यास आज शनिवारी सकाळी तपासले. नाडी क्षीण आहे. रोज बरी आहे असे सांगत होतो, ते खरे नव्हते. बुद्धी स्वच्छ आहे. राग पूर्वीइतकाच आहे. त्यास रक्ताचा असाध्य आजार असून तो आता फार दिवसांचा सोबती नाही, हे त्यास माहीत आहे. आज मी ते माझ्या तोंडाने त्यास सांगितले. मला वाक्य पुरे करता आले नाही, ते त्याने पुरे केले. नंतर त्याने त्याच्या भीतीबद्दल बराच वेळ सांगितले आणि मी ऐकले. माझ्या गुरूंनी यावर काय म्हटले असते ते मला ठाऊक नाही.

कलम सातला माझी हरकत नाही. त्या मुलीला आणायला मी स्वतः निघालो आहे, म्हणून दाखला इथेच थांबवतो.

सही : वैद्य, मृत्युपत्र करणाऱ्याचे वडील