रविवारची घरघर

७ जानेवारी १९६८, रविवार

पुन्हा घरघर! 'सोलापूर, ऐकतोयस का?' एवढे दादाचे शब्द कळले आणि पुढचं सगळं बुडालं. दर रविवारी सकाळी दादा बडोद्याहून आपल्या सोलापूरच्या हौशी रेडिओवाल्या मित्राशी बोलतो. माझ्या सेटवरून बोलता येत नाही, नुसतं ऐकता येतं. डिसेंबरात म्हणाला होता, आईचा खोकला हटत नाही. आता कशी आहे, कोण सांगणार?

दादाने परजातीतली मुलगी केली तेव्हापासून पत्रं बंद. हे म्हणाले होते, "रेडिओ ऐक, माझी ना नाही. पण चिठ्ठी-चपाटी नको." तेवढंही पुष्कळ वाटलं होतं.

१४ जानेवारी

संक्रांत. घरघर आहेच. दुपारी ह्यांनी एरियल विजेच्या तारेपासून लांब, विहिरीजवळच्या ताडावर नेली. बोईसरच्या दुकानातून तांब्याची नळी आणली होती, ती पुरून वर मीठ-पाणी ओतलं. "जमीन ओली राहिली की अर्थिंग नीट लागतं, शालू." तारापूरच्या अणुवीज प्रकल्पाचं काम निघाल्यापासून यांच्या वायरिंगच्या दुकानाला फुरसत नाही. तरी माझ्यासाठी राबले. तीळगूळ देताना डोळे भरून आले.

१७ जानेवारी

बुधवार. सेटवर आवाज स्वच्छ, घरघर नाही!

२१ जानेवारी

रविवार, घरघर. सेट बॅटरीवरचा, म्हणून घराचा मेन स्विचच पाडून पाहिला. काही फरक नाही. म्हणजे आपल्या घरातलं नव्हे.

हे म्हणाले, "तारापूरची यंत्रं असणार. आता हे असंच चालायचं."

पण रविवारी तर तिकडे कामाला सुट्टी असते. 

२८ जानेवारी

लाकडी चौकटीवर तार गुंडाळली आणि ताडावरच्या एरियलऐवजी ती चौकटच सेटला जोडली. माझ्या लग्नाआधी दादा असं करायचा. चौकट हळूहळू फिरवायची. एका ठिकाणी घरघर एकदम मंदावते, त्यावरून ती कुठून येते ते कळतं. दोन दिशा निघतात – एक समुद्राची, दुसरी आमच्या वाडीची.

समुद्रात कोण घरघर करणार?

हे तेव्हा वाडीतच होते. रविवारी केळींचं पाणी स्वतः बघतात.

४ फेब्रुवारी



हे वाडीतून परत येऊन आंघोळीला गेले, तशी मी वाडीकडे निघाले. पंपाच्या खोपीत आमचा गडी भिका दोर वळत बसला होता. कोपऱ्यात गोणपाटात गुंडाळलेला डबा. कान लावला तर आत गुणगुण. उघडला – दाराची विजेची घंटा, वाटी काढून टाकलेली, नुसती हातोडी थडथडतेय, ठिणग्या उडतात, त्यांचीच सेटवर घरघर. शेजारी बॅटरी. वरून एक लांब तार आमच्या घराच्या बाजूला गेलेली.

"भिका, हे काय रे?"

तो खालीच बघत होता. यांना तो भाऊ म्हणतो. "भाऊंनी लावलाय. दर रयवारी लावतात. बोलले, बायला सांगायचा नाय."

"आणि तू नाही सांगितलंस."

"कसा सांगू, बाय? त्यांचाच मीठ खातो."

मी तार उपटली.

यांच्यासमोर डबा ठेवला. दचकले नाहीत. टॉवेलने डोकं पुसत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "तुझ्या दादाचा आवाज ऐकलास की दिवसभर जेवत नाहीस. मला बघवत नाही. काय करणार होतो?"

मला भांडायचं होतं. पण खरंच, मी जेवत नाही. इतक्या मायेने फसवणाऱ्या माणसाला काय बोलायचं? तांब्याची नळी पुरताना यांच्या हाताला फोड आले होते, ते मीच बांधले होते. ते फोडही खोटेच म्हणायचे का?

७ फेब्रुवारी

 आज यांनी माझ्यासाठी मुरब्याहून बोंबील आणले. मी तळले. जेवले.

पोटी माया असेल तर माफ करावं, असं मनात येतंय.

११ फेब्रुवारी, रविवार

हे म्हणाले, "आज राहू दे ना, केळव्याला देवीला जाऊन येऊ." नको म्हटलं. सेट लावला. दादा अगदी समोर बसून बोलल्यासारखा. सोलापूरवाल्याला सांगत होता – "आईला जाऊन महिना उलटला. शालूच्या यजमानांना, नरहरीरावांना, दुकानावर तार केली होती. उलट तार आली, शालूला यायचं नाही म्हणून."