हावोद लासचं कॅरल

१९ ऑक्टोबर
तिदिर मेंढ्यांच्या गोठ्यात पडलेला सापडला. मलाच. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोळे उघडे, माझ्याकडेच बघत होता, आणि तोंडातून नुसती घरघर! हेलिकॉप्टर आलं. मला आत घेतलं नाही. मी चिखलात उभी.

२४ ऑक्टोबर
हॉस्पिटल. एक पोरगी — भली आहे — त्याच्यापुढे चित्रांचे पत्ते धरते. ‘कप’, ‘डॉग’, ‘बेड’. सगळं इंग्रजीत. तिदिरनं तोंड फिरवलं. मी म्हटलं, अहो, माझा भाऊ कुत्र्याशीसुद्धा जन्मभर वेल्शमध्येच बोललाय. ती म्हणाली, सॉरी हं, वेल्श येणाऱ्या बाई बुधवारी येतात.
काल बुधवार, तर त्या रजेवर.

२७ ऑक्टोबर
घरी येताना गाडीत प्लगाइनचा विचार आला आणि स्वतःची लाज वाटली. भाऊ तिकडे तसा पडलाय आणि मला गाण्याचं सुचतंय! पण सुचलं खरं.
जानेवारीचा दुसरा रविवार. सगळ्या शेतांवरच्या मंडळ्या चर्चच्या देवळात येणार, कोणी नाव न पुकारता एकेक मंडळी उठणार, आपल्या घरचं कॅरल, नाताळचं भजन, म्हणणार, गपचूप जाऊन बसणार. आमच्या शेताची, हावोद लासची मंडळी दीडशे वर्षं उठतेय. ईस्टरला हवेलकाका गेले. मधला सूर त्यांचा. आता खालचा सूर गेला. उरले मी, वरच्या सुराची. एकटीनं काय उठायचं?
पणजोबांच्या वहीत चौदा कडवी आहेत, नुसते शब्द. चाल कुठेच लिहिलेली नाही. रेकॉर्ड करायला विद्यापीठाचे लोक दोनदा आले, तिदिरनं दोनदा हाकलले. “देवापुढे म्हणायचं ते डबीत कशाला भरायचं?” आणि दुसऱ्या घरचं कॅरल आमच्यात कोणी म्हणत नाही. म्हणजे आमच्याबरोबर ते संपलंच. शाळा गेली, चॅपल कुणा लिव्हरपूलवाल्याचं सुट्टीचं घर झालं, दुकान गेलं. प्रत्येक वेळी मी सभेला गेले, अर्जावर सही केली, घरी आले. काही उपयोग झाला नाही.

१ नोव्हेंबर
इदवालला येतं. मधला सूरही येतो आणि खालचाही. काकांचा मुलगा. पंधरा वर्षं तिदिरच्या शेजारी उभा राहून म्हणत होता. मग डोंगरावरच्या चराईवरून भांडण झालं आणि सव्वीस वर्षं आम्ही एकमेकांच्या दारात गेलो नाही. काकांच्या मातीलासुद्धा समोरासमोरच्या बाकांवर बसलो, बोललो नाही.
नाही. ते होणे नाही.

३ नोव्हेंबर
गेले!
चालतच गेले, म्हणजे वाटेतून परत फिरता येईल. दोनदा फिरलेही. इदवालनं दार उघडलं, नखशिखांत बघितलं आणि म्हणाला, “सव्वीस वर्षांनी येतेस आणि रिकाम्या हातानं? निदान केक तरी आणायचास.” मी तिथेच उंबऱ्यात रडायला लागले. “बरं बरं, नको आणूस. तुझा केक आठवतोय मला.”
त्याची मुलगी नेस्त. तिशीची, गुरांची डॉक्टर, आवाज बापासारखा भरदार. इदवाल म्हणाला, “मधला सूर हिला शिकवतो. खालचा मी धरीन. तिदिरसारखा नाही जमणार.” आणि वर — “तो बैलासारखा रेकायचा, पण सुरात.”

१६ नोव्हेंबर
तिदिर घरी आला. पुढच्या खोलीत पलंग टाकलाय. डावा हात चालतो. बाकी काही नाही.

२० नोव्हेंबर
फार वाईट झालं आज. मला वाटलं तिदिरला आनंद होईल, म्हणून तालीम त्याच्या खोलीत ठेवली. इदवाल टोपी हातात घेऊन आत आला, “काय रे म्हाताऱ्या” म्हणाला, त्याचा आवाज फुटत होता. पहिलं कडवं सुरू केलं मात्र — तिदिर डाव्या हातानं पलंगाच्या कठड्यावर दाणदाण मारायला लागला! तोंड लालबुंद. माझ्याकडे बघून काहीतरी म्हणायची धडपड, नुसती लाळ गळत होती. आम्ही थांबलो.
इदवाल अंगणात म्हणाला, “त्यानं मला माफ केलेलं नाही, लिनेद. त्याच्यात बोलण्यासारखं काय आहे?”
आता तालीम इदवालच्या स्वयंपाकघरात. सोमवारी आणि गुरुवारी.

५ डिसेंबर
नेस्तला नऊ कडवी पाठ.

१६ डिसेंबर
आज तिघांचे सूर जुळले. एका ओळीवर असे काही जुळले की टेबलावरची बशी वाजायला लागली. नेस्त हसत सुटली. इदवाल चुलीकडे तोंड करून उभा राहिला, मग म्हणाला, “धूर झालाय.” कसला धूर? चूल विजेची आहे.
कोणाला सांगायचं नाही असं ठरलं. कोण काय म्हणणार हे आधी सांगायची पद्धतच नाही आमच्यात. मंडळी उठली की कळतं.

२५ डिसेंबर
तिदिरला भरवलं. घास गालात धरून बसतो. मी सांगितलं, आम्ही उठणार आहोत, कॅरल जगेल. त्यानं मान हलवली. नाही, नाही, नाही. मला राग आला. एवढा कसला हट्ट! मी ताट उचललं आणि आत निघून गेले. मग परत येऊन त्याचं तोंड पुसलं.

१२ जानेवारी, रविवार
लिहवत नाही, पण लिहिते.
सातला देऊळ भरलं. तिदिरची खुर्ची पहिल्या बाकाजवळ ठेवली. पहिली मंडळी झाली. दुसरी झाली. तिसरी जागा आमची — कोणी ठरवलेली नाही, पण दीडशे वर्षं आमचीच. सगळं देऊळ शांत. कोणी उठेना. आमच्यासाठी थांबले होते सगळे. इदवालनं माझ्या कोपराला हात लावला. आणि मी समोरचा बाक धरून बसूनच राहिले! मी पुटपुटले, “एक मंडळी जाऊ दे. पुढच्याला उठू.”
खालच्या खोऱ्यातली माब्ली उठली. शाळेत शिकवते. तिच्या दोन मैत्रिणी आणि तिचा नवरा. पुढे जाऊन गोल उभे राहिले, माब्लीनं सूर दिला.
आमचं कॅरल.
तीनही सूर. चौदाच्या चौदा कडवी. दहाव्या कडव्यात तिदिर जी खालची जागा घ्यायचा तीसुद्धा, हुबेहूब! नेस्तनं माझा हात इतका दाबला की नख रुतलं. तिदिरच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि मी त्याच्यासाठी काहीही करू शकत नव्हते. एकदा म्हटलेलं कॅरल त्या संध्याकाळी पुन्हा म्हणायचं नाही. बाकीच्या मंडळ्या घरच्याशिवाय सगळ्यांची म्हणून दोन-तीन कॅरलं तयार ठेवतात, कोणी आधी म्हटलंच तर म्हणून. आमचं आम्हीच म्हणणार, आम्हाला दुसऱ्या कॅरलची गरज काय होती?
आम्ही बसून राहिलो. शेवटपर्यंत. गाण्यांनंतरच्या जेवणाला मी थांबले नाही. दारात माब्ली पुढे आली, चेहरा फुललेला, “लिनेदबाई, कसं झालं?” मी म्हटलं, “चोर आहात तुम्ही.” सगळ्यांसमोर.

१३ जानेवारी
इदवालचा फोन. “पुढच्या वर्षी म्हणू.” मी फोन ठेवला. त्यालाही माहीत आहे, दोन्हीकडून म्हटलं गेलेलं घरचं राहत नाही.

१५ जानेवारी
माब्ली आली होती. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी येईना. सप्टेंबरात तिदिर तिच्याकडे आपणहून गेला होता. डॉक्टरांनी त्याला धोक्याची सूचना दिली होती. मला बोलला नाही. चार रविवार जाऊन त्यानं त्यांना तिन्ही सूर शिकवले. हावोद लासची जागा रिकामी राहिली तरच उठा, म्हणाला. आणि लिनेदला कळू देऊ नका, तिच्या जिवाला लागेल. म्हणजे कठडा बडवून तो मला हेच सांगू बघत होता! माब्लीनं विचारलं होतं, घरचं कोणीच नाही का उरलं? तर म्हणाला, “इदवाल आहे. पण आमची लिनेद मरेल, इदवालच्या दारात जाणार नाही.”
त्याचं काय चुकलं? मलाही तसंच वाटायचं.