दोन कॅन समुद्र

अहो,

उद्या सकाळी टेम्पो येणार आहे. कोयनानगरची ही खोली सोडून मी आणि आत्याबाई सांगलीला माझ्या भावाकडे चाललोय. भांडी बांधून झाली, गाद्या बांधून झाल्या. तुमची माशांची टाकी तेवढी अजून जागेवर चालू आहे, कारण तिला हलवायचा मला धीरच होत नाही. कुणाला विचारू? दोन महिन्यांपूर्वीपर्यंत विचारायला तुम्ही होतात. म्हणून हे पत्र.

किती बोलले होते मी तुम्हाला त्या टाकीवरून! वीजघरातला वायरमन माणूस, सुट्टी मिळाली की घाट उतरून गुहागरला जायचा आणि येताना तेलाच्या कॅनमधून समुद्राचं पाणी आणायचा. लोक कोकणातून आंबे आणतात हो! खडकातल्या डबक्यात तुम्ही तो पट्ट्यांचा मासा पकडलात, शंखातला खेकडा आणलात. अंगावरचे पट्टे बघून आत्याबाईंनी माशाचं नाव हवालदार ठेवलं, त्यांच्या फौजेतल्या भावावरून, तुमच्या मामांवरून.

आणि मग ती जाळी. कराडच्या रद्दीवाल्याकडे मिळालेल्या इंग्रजी मासिकातलं एक चित्र बघून तुम्ही माझ्या लोकरीच्या तोरणाची प्लॅस्टिकची जाळी अर्धी कापून पळवलीत. विणून होत आलं होतं! लोकर उसवलीत, जाळी चाकूनं खरखरीत केलीत, पाइपाला लांब चीर पाडून तिच्यात ती अडकवलीत, कूलरचा पंप लावून टाकीतलं पाणी तिच्यावरून सोडलंत आणि शेजारी ट्यूबलाइट टांगलीत. महिन्याभरात जाळीवर हिरवंगार शेवाळ. "माशाची घाण ह्ये शेवाळ खातंय बघ. आपुन दर रविवारी अर्धं खरवडायचं, अर्धं ठिवायचं," असं तुम्ही किती ऐटीत सांगितलंत. मी म्हणाले, घरात शेवाळ वाढवणारा नवरा मलाच मिळायचा होता!

त्या दिवशी दुपारी तुम्ही गुहागरहून आलात. स्टँडवरून दोन कॅन दोन हातांत उचलून आणलेत, उंबऱ्याच्या आत ठेवलेत, "आलं बघ पानी," म्हणालात आणि भिंतीला टेकून बसलात. मी चहा टाकायला वळले. परत आले तेव्हा तुम्ही तसेच भिंतीला टेकलेले, पण जीव नव्हता. कॅन तिथंच. कितीदा सांगितलं होतं, जड आहेत, एकेक आणा. ऐकलंत कधी?

ते कॅन मी उघडले नाहीत. कोपऱ्यात सरकवून वर चादर टाकली.

तेव्हापासून मी भीतच असते. पंपाचा आवाज जरा बदलला तरी हातातलं टाकून धावते. ट्यूबला हात लावायचा तर तुम्ही शिकवलंत तसं रबरी चप्पल घालून, लाकडी पाटावर उभी राहते. जमीन हलली की तुम्ही आधी टाकीला मिठी मारायचात, मला नंतर हाक मारायचात, याचा मला केवढा राग होता! परवा हलली, तेव्हा आत्याबाई अंगणातून ओरडत होत्या आणि मी टाकीला धरून उभी होते. राग गेला. भीती नाही गेली.

माझा एकच नेम होता. पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं, म्हणून उणं पडेल तेवढं साधं पाणी घालायचं, तेही उकळून गार केलेलं. हे तुम्ही दहादा सांगितलेलं. घरात दिवसभर भेटायला येणारी माणसं, न्हाणीत बंब सतत पेटलेला. उकळलेलं पाणी आयतं मिळत होतं. संध्याकाळी बंबातलं काढून ठेवायची आणि सकाळी टाकीत घालायची. वाटायचं, एवढं तरी तुमच्या मनासारखं होतंय.

तिसऱ्या आठवड्यात खेकडा शंखाबाहेर पडलेला दिसला. मेलेला. मग जाळीवरचं हिरवं पिवळं पडलं, पिवळ्याचं पांढरं झालं आणि गळून यायला लागलं. पाण्याला वास. हवालदार वर येऊन तोंडाची उघडझाप करत होता. मी पाइपाची चीर काडीनं साफ केली. ट्यूब बदलली. पंप उघडून आत अडकलेला केस काढला. कशाचाच उपयोग नाही. हेही डोळ्यांदेखत जाणार आणि याही वेळी मी नुसती चहा टाकत राहणार, असं मनात यायचं आणि मी ताटावरून उठायची.

शेवटी तुमची वही काढली. तुमचं अक्षर दिसेल म्हणून ती उघडायलाही भीत होते. मधल्या पानावर लाल शाईत मोठ्ठं लिहिलंय, "तांबं नको!" खाली बारीक अक्षरात: जाळी बांधायला मोटारीच्या वाइंडिंगची तार वापरली, पाण्यात तांबं उतरलं, गोगलगायी मेल्या, शेवाळ पांढरं पडलं. जन्मभर तांब्याच्या तारेशी खेळणारा माणूस, बांधायला दुसरं काय घेणार! इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला हसू आलं. हसतच मान वर केली, तर न्हाणीच्या दारातून बंब दिसला. आत्याबाईंनी चिंच लावून आतून-बाहेरून घासलेला. लखलखीत. तांब्याचा.

अहो, मीच विष घालत होते. रोज, न चुकता, जपून. तुम्ही असतात तर ओरडला नसतात, हे मला माहीत आहे. म्हणून तर जास्त रडले.

टाकीतलं निम्मं पाणी तरी काढून नवं घालायला हवं होतं. समुद्राचं पाणी घरात होतं ते एवढंच, चादरीखालचं.

"हे संपलं की त्यांनी आणलेलं काहीच राहणार नाही, आत्याबाई," मी म्हणाले. "मला भीती वाटते."

त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, तुम्ही बसला होतात तिथंच. "आगं, माज्या लेकानं ते झाकून ठिवाय आणलं हुतं व्हय?" त्या म्हणाल्या. "जित्या जिवासाटी आणलं हुतं. भ्या मला बी वाटतंय. चल, दोघी मिळून उघडू."

त्यांनी कॅन धरला, मी झाकण फिरवलं. खोलीभर तो खारट वास पसरला, गुहागरहून आलात की तुमच्या शर्टाला यायचा तो. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला.

तोरणाचा उरलेला अर्धा तुकडा मी जपून ठेवला होता, कधीतरी तुमच्यापुढे आपटायला. तो मीच उसवला, चाकूनं खरखरीत केला, नवी जाळी म्हणून पाइपात बसवला. उणं पडेल ते पाणी आता स्टीलच्या पातेल्यात उकळते. तीन दिवस हवालदार दगडामागून हलला नाही. मी दर तासाला जाऊन बघायची आणि बघायच्या आधी डोळे मिटून घ्यायची. चौथ्या दिवशी तो बाहेर आला. मागच्या रविवारी जाळीच्या एका कडेला बोटभर हिरवं दिसलं. मी ते खरवडलं नाही. बोलू नका, एवढा एक रविवार राहू दे.

आणि आता हा प्रवास. कराडवरून सांगलीपर्यंत पंप बंद. जाळी ओल्या फडक्यात गुंडाळून आत्याबाई मांडीवर घेणार आहेत, हवालदाराची बादली माझ्या मांडीवर. भावाच्या दोन खोल्या हळदीच्या गोदामामागं आहेत. तिथं भांड्यांवरसुद्धा हळदीची धूळ बसते, मग टाकीचं काय? रोज झाकीन, पुशीन. पण पाण्याचं काय? तिथून समुद्र आणखी लांब.

भावानं चौकशी केलीय, सांगलीहून रत्नागिरीची एसटी आहे. घाट आहेच मधे. तुम्ही दर वेळी म्हणायचात, "चल की गं, समुद्र बगून ये एकदा," आणि मी वळणांना भिऊन नाही म्हणायचे. मी अजून समुद्र पाहिलेला नाही. पाहिला तो तुमच्या कॅनमधला.

ते दोन रिकामे कॅन मी सामानाच्या पोत्यात घातलेले नाहीत. उद्या टेम्पोत माझ्या पायाशी असतील. आणि वचन देते, ते मी कुणाला सांगून भरून मागवणार नाही. भीत भीत का होईना, घाट उतरीन. गुडघाभर पाण्यात उभी राहून माझ्या हातांनी भरीन. आणि घरी आणताना, ऐकताय ना, एकेक आणीन.

तुमची,
शालन