शिलाला बांधलेली काळी पट्टी

विकासदादा,

निलमचा रामराम. याडी-बापूला सांग, मला खरचटलंसुद्धा न्हाई. फोनवर याडी कान लावून बसते, म्हणून तुला लिहून राहिले. तिच्या गुडघ्याला आराम आहे का? हळद शिजवून झाली का?

बाजारात स्फोट झाला तेव्हा मी ड्युटीवर होते. जखमींच्या मनगटाला रंगाच्या पट्ट्या बांधायला मला दवाखान्याच्या दारात उभं केलं. लाल पट्टीवाला आधी आत न्यायचा, पिवळीवाला थांबू शकतो, काळीवाला वाचत न्हाई, त्याला बाहेरच ठेवायचं.

आपल्या तांड्यावरची शिला त्या दिवशी सुट्टी म्हणून त्याच बाजारात भाजी आणायला गेली होती. तिला स्ट्रेचरवर आणलं. पोट पार फाटलं होतं, डोळे उघडे होते. ऑपरेशनचं टेबल एकच मोकळं होतं. मागं मांडी फुटलेला एक माणूस होता, वाचण्यासारखा. त्याला लाल बांधली, शिलाला काळी.

ती पण नर्सच. मनगटाकडं बघून म्हणाली, "निलम, मी अजून बोलून राहिले ना गं."

"व्हय," म्हणाले आणि पुढच्या स्ट्रेचरकडं गेले. ती बराच वेळ हाका मारत होती. मी वळले न्हाई.

तो माणूस आता बरा आहे. चहा गार आहे म्हणून माझ्यावर डाफरतो.

शिलाची आई, धुरपताकाकी, तुला विचारायला येईल. शिला जागीच गेली, तिला काही कळलं न्हाई, असंच सांग. मीही तेच सांगितलंय.

काल काकीचा फोन आला होता. म्हणाली, "तू तिथं होतीस, एवढंच बरं झालं बाई. माझ्या लेकराला तू एकटं सोडलं नसशील."

तुझी बहीण,
निलम