हक्कसोडीची साडी

अहो,

गंगूताईला रजिस्ट्रीच्या कचेरीत न्यायला याल, तर घराला कुलूप दिसंल. किल्ली शेजारच्या रुक्माबाईकडं हाय. तुमच्या ह्या बहिणीला घेऊन मी जवळा बाजारला, तिच्या घरी सोडायला चालले.

सकाळी आपलं घर घेणाराच्या वकिलाचा फोन आला. बहिणीनं हक्क सोडल्याची सही केल्याबिगर खरेदीखत व्हायचं न्हाई म्हणे. तवा मला कळलं, तुमी तिला एवढ्या मायेनं जेवायला काहून बोलावलं, अन् येताना आधार कार्ड काहून आणाय लावलं. तिला तर सांगितलं, घरपट्टीवर आईचं नाव लावायचंय! शी! ह्या भिंतींवर तिनं घागरी वाहून पाणी मारलं, तवा तुमी अंगणात रांगत होते. अन् त्याच्या बदल्यात एक साडी, ती बी माझ्याच कपाटातली, कुणाच्या तरी लग्नात आहेर आलेली!

मी ताईला सगळं सांगितलं. ती रडली न्हाई. एवढंच म्हणली, "नीट विचारलं असतं, तर दिली असती की सही." मला तर तुमच्या हातचं पाणी प्यायची बी किळस येऊन राहिली.

पुरणपोळ्या डब्यात हायेत. गोड लागल्या तर एकट्यानं खा.

अन् परवा मी कनेरगावला माहेरी जाणार हाय. लय दिवसांनी दादाचा फोन होता. जेवायला ये म्हणला, साडी घेऊन ठेवलीय म्हणला. येताना आधार कार्ड आण म्हणला.

ज्योती